चित्र जरा तिरकं दिसतंय

हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार मिटता मिटता मध्ये एक बूट आला. दार पुन्हा उघडलं आणि खांद्यावर घडीची शिडी घेतलेला एक उंच माणूस आत शिरला. शिडी नीट उभी करून त्याने वळून पाहिलं, तर शेजारी एक नर्स. कपाळावर घाम, आणि छातीशी ब्लँकेटचं गाठोडं... खालून हाताचा आधार देऊन तिने ते इतकं अलगद धरलं होतं, की त्याचा आवाज आपोआप खाली आला.

"मुलगा की मुलगी?"

"प्रोजेक्टर," ती म्हणाली.

त्याचं हसू ओठांवर आलं तसं परत गेलं. त्याने गाठोड्याला हात लावून पाहिला. "अहो सिस्टर, हा तापलाय की!"

"आत्ताच हॉलमध्ये लावून बघितला. धक्का बसू नये म्हणून गुंडाळून आणला."

"आणि आतला पंखा थांबायच्या आधीच प्लग काढलात?"

"काढला. का?"

"आतला दिवा भट्टीसारखा तापतो. बंद केल्यावरही पंखा दोन मिनिटं फिरतो, तो त्याला निववायलाच. तुम्ही आधी त्याचा श्वास बंद केलात, आणि वर ब्लँकेट पांघरलंत."

आठ वर्षांच्या नोकरीत कुणाचा श्वास बंद केल्याचा आरोप तिच्यावर पहिल्यांदाच होत होता. एरवी तिने चार शब्द ऐकवले असते. पण तिने घाईघाईने ब्लँकेट सोडलं आणि काळजीने विचारलं, "वाचेल का हो?"

आता असं विचारल्यावर माणूस काय करणार? तो हॉलमध्ये नवा प्रोजेक्टर बसवायला आला होता. हॉलचा मजला मागे गेला, आणि तो तिच्याबरोबर वरच्या मजल्यावर उतरला.

खोलीत मास्तरीणबाई होत्या. उभी हयात शाळेत शिकवण्यात गेलेली, आता खुब्याचं हाड मोडून पाठीवर पडलेल्या. पायाला वजन टांगलेलं, कुशीवर वळायची बंदी, आणि अजून महिनाभर तरी सुटका नाही. चार दिवसांपासून त्या ताट परत पाठवत होत्या. छत बघूनच पोट भरतं, म्हणत. जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं त्यांच्या फोनवर यायची, पण फोन डोळ्यांपुढे धरून हात भरून यायचे, आणि दोनदा तो नाकावर आपटला होता. म्हणून तर सिस्टरने हॉलमधला जुना प्रोजेक्टर मागून आणला होता. छताकडे तोंड करून उभा ठेवायचा, की झालं!

"असं नाही चालत," तो म्हणाला. "उभा केला की हवेची जाळी खाली दबते. गरमी आतल्या आत कोंडते, दिवा फुटतो. हा आडवाच ठेवायचा... तुमच्याकडे आरसा आहे का?"

"आहे. पण चांगला दिसताय तुम्ही," ती बोलून गेली, आणि कान गरम झाले म्हणून लगबगीने आरसा आणायला पळाली.

त्याने भिंतीवरच्या फळीवर प्रोजेक्टर आडवा ठेवला, चहूबाजूंनी वीतभर जागा मोकळी सोडली, आणि पुढे आरसा तिरका करून चार स्क्रूंनी बसवला. मास्तरीणबाईंचा फोन त्याला जोडला आणि दिवा लागला. उजेड आरशावर आपटून थेट छतावर गेला आणि मास्तरीणबाईंच्या डोक्यावर एक भलंथोरलं पत्र उमटलं... उलटं. सगळी अक्षरं उजवीकडून डावीकडे.

"हा चौथीतला माझा विद्यार्थी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तेव्हाही असाच लिहायचा."

तो हसला. पडद्याच्या मागून चित्र टाकण्यासाठी यंत्रात एक सोय असते, ती त्याने निवडली. क्षणात अक्षरं पालटली. मास्तरीणबाई वाचू लागल्या. डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळलं, ते सिस्टरने कापसाने टिपलं. मग तिने त्याच्याकडे पाहिलं, तर तोही हातातला पेचकस उगाच पुसत होता.

"आता नीट ऐका," तो घसा साफ करून म्हणाला. "पलंगाच्या मोटरीचा प्लग वेगळा, याचा वेगळा. वायर भिंतीलगत चिकटपट्टीखाली घेतलीय, कुणी अडखळायला नको. वाफारा इथून लांब. आणि दिवा चालू असताना भिंगात किंवा आरशात डोकावायचं नाही, डोळ्यांना इजा होते."

"मग बघायचं कुठे?"

"छताकडे," तो म्हणाला. पण तो स्वतः काही छताकडे बघत नव्हता.

जाताना त्याने कंपनीचा नंबर दिला. त्यांची पद्धत अशी, की तक्रार नोंदवली तर ज्याने यंत्र बसवलं त्यानेच त्याच दिवशी यायचं. ही पद्धत सिस्टरच्या डोक्यात पक्की बसली.

मास्तरीणबाई दुसऱ्याच दिवशी पोळी मागून घेऊन जेवल्या. सिस्टरला मात्र जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी फळीवरची धूळ पुसताना तिचं बोट आरशाला लागलं. चुकून लागलं म्हणावं, तर ते दोनदा लागलं.

"हॅलो... तक्रार नोंदवायची होती. चित्र जरा तिरकं दिसतंय."

तासाभरात तो हजर! पडदे ओढलेल्या त्या खोलीत, छताच्या निळसर उजेडात, तो आरसा सरळ करत होता आणि ती उगाचच बॅटरी धरून उभी होती. पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला आणि कुणाचीच काही हरकत नव्हती. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

"आरसा परत सरकला?" त्याने विचारलं. "भूकंप झाला की काय?"

"या मजल्यावर होतात... लहान लहान."

"फक्त तुमच्या ड्युटीत?"

"मी काय भूकंपाला वेळ नेमून देते?"

"तुम्ही दिलीत तर तोही पाळेल," तो म्हणाला, आणि तिच्या हातातल्या बॅटरीचा उजेड भलतीकडेच गेला.

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मास्तरीणबाईंनी पत्रातलं वाचायचं सोडून डोळे मिटून घेतले. झोप लागली म्हणाल्या. भर दुपारी बारा वाजता.

चौथ्या वेळी मात्र तिने आरशाला बोट लावायच्या आधीच फोन केला, तर पलीकडून एक जाडाभरडा आवाज आला. तो कंपनीच्या साहेबांचा होता.

"आता त्याला नाही पाठवणार, दुसरा माणूस येईल. पंधरा दिवसांत एका यंत्राच्या तीन तक्रारी म्हणजे काय, बाई? पुढच्या महिन्यात त्याला कायम करणार होतो. आता सोमवारी त्याला कमी करायचा कागद वर जाणार."

"पण त्यांची काहीच चूक नाही हो!"

"अहो, त्यानेच लिहून दिलंय. तिन्ही वेळा. 'बसवताना माझी चूक.'"

फोन ठेवून ती पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली. आपण गंमत केली आणि एका माणसाच्या पोटावर पाय आला. आणि त्याने? आपल्याला बोल लागू नये म्हणून सगळा दोष अंगावर घेतला! तिला रडूच फुटलं.

"मास्तरीणबाई, आरसा मी हलवत होते."

"मग मला काय आंधळी समजलीस? दिवसभर मी छतच बघते ना. तू आरशाला बोट लावलंस की त्याची सावली वर पडते, राक्षसाच्या बोटाएवढी."

"मग बोलला का नाहीत?"

"चांगला रंगलेला खेळ कोण मोडतं?" त्या म्हणाल्या. मग शाळेतला आवाज काढून म्हणाल्या, "पण आता त्याची भाकरी जातेय. माझ्यासमोर रडून काय उपयोग? जिथे सांगायचं तिथे जाऊन सांग."

दोन वाजता ड्युटी संपली आणि ती गणवेशातच कंपनीच्या कचेरीत पोचली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"यंत्रात दोष नव्हता आणि बसवण्यातही नव्हता," ती एका दमात म्हणाली. "आरसा मीच हलवला. तिन्ही वेळा."

"लिहून द्या."

तिने लिहून दिलं. रुग्णाच्या कागदावर लिहायची सवय, त्यामुळे तारीख, वेळ, कोणत्या हाताने, किती सरकवला, सगळं बिनचूक. शेवटी 'कारण' लिहायचं राहिलं, तिथे पेन अडलं. खोटं लिहिलं तर त्याची नोकरी जाणार, आणि खरं लिहिलं तर आपली लाज. तिने डोळे मिटले, उघडले, लिहिलं आणि सही करून कागद पुढे सरकवला.

साहेबांना मोठ्याने वाचायची खोड होती. "कारण... 'ते यावेत म्हणून.' आँ?"

दारात काहीतरी धाडकन पडलं. शिडी होती ती. शिडीच्या मागे तो उभा होता, कानाच्या पाळ्या लाल झालेला.

"साहेब, यांच्यावर ठपका ठेवू नका," तो पुढे येत म्हणाला. "मी लिहिलं ते खोटं नव्हतं. चूक माझीच."

"अहो, कशाला माझ्यासाठी..." ती कळवळून म्हणाली.

"तुमच्यासाठी नाही. म्हणजे, तुमच्यासाठीच... पण खरंच माझी." त्याने पडलेली शिडी उचलून भिंतीला टेकवली. "चारांतले दोन स्क्रू मी पहिल्याच दिवशी अर्धे ठेवले होते. आरसा पडणार नाही, पण जरा धक्का लागला तर हलेल, इतकेच सैल. म्हटलं, दोन-चार दिवसांत आपोआप तिरका होईल आणि मला परत बोलावतील. तुम्ही तीन दिवसच थांबलात, मी तर दुसऱ्या दिवसापासून फोनकडे डोळे लावून बसलो होतो."

तिच्या डोळ्यांत पाणी, आणि ओठांवरचं हसू आवरता आवरेना. "आणि मी तिकडे स्वतःला गुन्हेगार समजून रडत होते!"

"रडलात? माझ्यासाठी?"

"पुरे!" साहेब म्हणाले. त्यांनी कपाटातून एक कागद काढला, फाडला आणि टोपलीत टाकला. "कमी करायचं रद्द. पण स्क्रू अर्धा ठेवणाऱ्याला मी लगेच कायम करणार नाही. तीन महिने पुढे. आणि आधी जा, ते दोन्ही स्क्रू घट्ट आवळून ये. पेशंट झोपते तिथे!"

दोघं जिना उतरू लागले. अर्ध्या जिन्यावर तो थांबला. "स्क्रू आवळले की आरसा नाही हलायचा. मग मला बोलावणार कोण?"

"मीच. उद्या दोन वाजता, फाटकाशी. हत्यारांची पिशवी घरी ठेवून या."

"आणि कुणी विचारलं, कशाला आलास... तर कारण काय सांगू?"

ती दोन पायऱ्या खाली गेली, मग मागे वळली. आता तिला कशाचीच लाज वाटत नव्हती.

"कारण साहेबांकडे लेखी दिलंय," ती म्हणाली. "खाली माझी सही आहे."