वाऱ्याची बाजू

ही घडलेली गोष्ट आहे. देओलिंदा ती कुणाला पटवून द्यायला जात नाही.

सांता मारिया बेट. ऑक्टोबरातला मंगळवार, दुपारचे चार.

ब्याऐंशी वर्षांच्या वडिलांना पुरून तीन दिवस झाले होते. ती टोरांटोहून पोहोचली, तीच पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी.

"पोरी, एकदा ये. लाल वाळवंटापर्यंत चालून येऊ," तिचे वडील बेल्मिरो फोनवर म्हणायचे.

"उन्हाळ्यात येते, पप्पा." असं तिने सलग तीन वर्षं सांगितलं.

म्हणून आज ती एकटीच निघाली.

"डोक्याला रुमाल बांध!" ओतिलिया आत्या दारातून ओरडली. "तुमच्या टोरांटोतला वारा शिकलेला असेल. इथला अडाणीच आहे!"

फानेकाच्या त्या लाल वाळवंटात गवताचं पातं नाही. वाऱ्याने जमिनीच्याच लाटा केल्यात. जाताना तो डावीकडून झोडपत होता. तिचा सुतकाचा काळा कोट त्या बाजूने लाल झाला.

लहानपणी पप्पा नेहमी वाऱ्याच्या बाजूने चालायचे. ती त्यांच्या आडोशाने.

वाळवंट संपतं त्या कड्यापाशी ती थांबली. "आले, पप्पा," म्हणाली.

 

ती परत फिरली. आता वारा उजवीकडून यायला हवा होता...

आला नाही.

समोर धूळ पळत होती. कडेची झुडपं वाकत होती. तिच्या उजव्या कानाशी मात्र... काहीच नाही.

घाबरून ती भराभर चालू लागली, तर वारा कानशिलावर आदळला. ती हळू झाली... पुन्हा आडोसा.

ब्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या चालीने ती घरापर्यंत आली.

उजवीकडे तिने एकदाही बघितलं नाही. धीर झाला नाही.

उंबरा ओलांडताच वारा पाठीवर आपटला. तिने दार लावून घेतलं.

आत्याने कोट झटकायला घेतला. डावी बाजू लाल. उजवी... स्वच्छ.

"येताना वारा पडला होता का गं?"

"नाही."

आत्याचा हात थांबला. तिने ती स्वच्छ बाही उलटून पाहिली.

"आणि माझ्या भावाला बाहेरच ठेवलंस?"

देओलिंदाने धावत जाऊन दार उघडलं.

घरभर लाल धूळ आली. फक्त धूळ.

त्याला आता अकरा वर्षं झाली. टोरांटोत वारा सुटला की ती अजूनही उठते, दार उघडते...

आणि थोडी बाजूला सरकून उभी राहते.