सतरावा कोअर

हॉस्पिटलात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या माणसाशी ती अजून धड बोलत नव्हती. पण नावात खोटं काही नव्हतं. नवा संगणक आला की त्यात प्रोसेसर किती आणि प्रत्येक प्रोसेसरच्या पोटात कोअर किती, हे आपल्या चाळीस ओळींच्या कोडमधून त्या संगणकाकडूनच वदवून घ्यायचं, हे तिचं काम. कोअर म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड करणारा भाग. जितके कोअर, तितक्या कामाच्या वाटण्या.

मोजणी दोघांनी करायची, अशी तिथली पद्धत होती. तिने कोडने मोजायचं, हार्डवेअरवाल्या काकांनी खोका उघडून, प्रोसेसरवरचा छाप वाचून. दोघांनी आपापला आकडा चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठ्या एकदम उघडायच्या आणि जुळल्या तरच कागदावर सह्या. ही पद्धत तिनेच आणलेली. "लग्न जुळवणं सोपं, पण बाई, तुझ्या चिठ्ठ्या नकोत," असं काका म्हणत आणि चिठ्ठी मात्र न चुकता लिहीत.

त्या शनिवारी सकाळी चिठ्ठ्या उघडल्या. काकांची सोळा. तिची सतरा.

संगणक किरणोपचार विभागाचा होता. कुठल्या रुग्णाला किरणांचा किती डोस द्यायचा, ते गणित तो करणार होता. जुना आठ दिवसांपूर्वी जळाला होता आणि तेव्हापासून अकरा रुग्णांचे उपचार अडून पडले होते. त्या अकरांत तिची मावशी होती. आई गेल्यावर तिला सांभाळलं ते मावशीनेच.

विभागप्रमुख साहेब घाईत होते. "शून्यापासून मोजून शेवटी एक दोनदा मिळवला असशील. नवशिक्यांचा घोळ आहे हा."

"तो घोळ मी नवशिकी असतानाच करून संपवलाय, साहेब."

तिने कोड ओळ न् ओळ तपासला. दुसऱ्या भाषेत नव्याने लिहिला. एका कोअरचे दोन भासवायची सोय असते, ती बंदच होती. शेवटी काकांनी दोनपैकी एक प्रोसेसर काढला. आता आठ यायला हवे होते, आले नऊ. तो परत बसवून दुसरा काढला, तरी नऊ. म्हणजे जास्तीचा कोअर ह्याचाही नव्हता आणि त्याचाही नव्हता.

"आयत्या बिळावर नागोबा," काका म्हणाले. नेहमीसारखे हसले मात्र नाहीत.

दोन्ही प्रोसेसर पुन्हा बसवले. तिने चार ओळी वाढवल्या. प्रत्येक कोअरने आपला क्रमांक सांगायचा आणि आपलं तापमान सांगायचं. यंत्र शून्यापासून मोजतं, त्यामुळे पडद्यावर शून्य ते पंधरा असे सोळा क्रमांक उमटले. तापमान कुणाचं साठ, कुणाचं बासष्ट. पुढच्या ओळीत क्रमांक यायला हवा होता सोळा.

तिथे आला सतरा.

एकपासून मोजणारा असा यंत्रात कुणी नसतो, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तिने त्या ओळीतलं तापमान वाचलं. छत्तीस पूर्णांक आठ.

काकांनी चष्मा काढून पुसला. "हे तर तुझ्या-माझ्या अंगाचं झालं गं," ते हळूच म्हणाले.

तिला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून भयंकर राग आला. तिने डोसचं सरावाचं गणित, रुग्णाऐवजी पाण्याची टाकी धरून, सतरा वाटण्यांत फोडून दिलं. सोळा उत्तरं क्षणात आली. सतराव्याला नऊ सेकंद लागले. उत्तर शेवटच्या अंकापर्यंत बरोबर होतं. पुन्हा दिलं, तर पाच सेकंद. मग दोन.

"सरावतंय," काका म्हणाले.

साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. "उत्तर बरोबर आहे ना? मग फुकट ते पौष्टिक! कागदावर सोळा लिही, सही कर. सोमवारी सुरू करू."

"खोटं लिहून?"

"अकरा माणसं थांबलीत, बाई. तुझ्या हट्टापायी नवा संगणक मागवायचा म्हणजे आणखी दहा दिवस."

तिने जिन्यात जाऊन मावशीला फोन लावला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"ज्या यंत्राला स्वतःचे हात मोजता येत नाहीत, ते माझा डोस काय मोजणार?" मावशी म्हणाली. "मी थांबते. तू मागे हटू नकोस."

"दुखतंय का फार?"

"दुखतंय. पण मी थांबते म्हटलं ना?"

ती परत आली ती पदर खोचल्यासारखी. सतराव्याला काम देऊ नये, असा हुकूम तिने टाइप केला आणि एंटर दाबलं.

क्रमांक सतरा तसाच राहिला. त्याचं तापमान मात्र वाढलं. सदतीस पूर्णांक चार.

तिने पुन्हा हुकूम दिला.

अडतीस पूर्णांक दोन.

"ताप आणतंय," काका म्हणाले. "नको गं बाई. राहू दे."

"येऊ दे ताप!" ती ओरडली. "माझ्या माणसांना हात लावू देणार नाही!"

तिसऱ्यांदा एंटर.

तापमान थांबलं. उत्तराच्या रकान्यात, जिथे तिने काहीच विचारलेलं नव्हतं, तिथे एक आकडा उमटला.

सत्तेचाळीस पूर्णांक तीन.

काल दुपारी घरच्या काट्यावर मावशीचं वजन तेवढंच भरलं होतं. ते तिने कुठेही लिहिलेलं नव्हतं. कुणाला सांगितलंही नव्हतं.

एक सेकंद गेला.

तिने वाकून भिंतीतला प्लग उपटला.

पडदा काळा झाला, पंखे थांबले. तिने कागद ओढला, मोजणीच्या चौकटीत सतरा लिहिलं आणि खाली पूर्ण नावाने ठसठशीत सही केली. काकांनी आपले सोळा लिहिले. आकडे जुळले नाहीत. म्हणजे संगणक परत जाणार, तिच्याच नियमाने.

साहेबांनी कागद पाहिला. "मावशीच्या जिवाशी खेळतेयस," ते म्हणाले.

"खेळू देत नाहीये, साहेब," ती म्हणाली. त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली.

दुपारी काकांनी दोन्ही प्रोसेसर आणि वीजपुरवठ्याचा डबा काढून वेगळे बांधले. रिकामा खोका पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळून मागच्या दाराशी ठेवला आणि ते गाडीवाल्याला बोलवायला गेले. ती एकटीच तिथे उभी राहिली.

प्लास्टिकच्या आतून, एका रुपयाएवढ्या जागेवर, वाफ धरत होती. मग ती विरायची. थोड्या वेळाने पुन्हा तिथेच धरायची.

ती बराच वेळ पाहत राहिली. वाफ आता लवकर लवकर धरू लागली होती.

एका कोपऱ्यात प्लास्टिक नीट चिकटलेलं नव्हतं, बोटभर फट राहिली होती. तिने खिडकीतला टेपचा गुंडाळा घेतला आणि ती फट बंद केली. मग वरून आणखी एक पट्टी लावली.