आलन्याची खालची दांडी

डोळे मिटा पाहू जरा.

असं समजा, की तुम्ही नऊ वर्षांचे आहात. थंडीचे दिवस. तिन्हीसांजेची वेळ. दिवे गेले आहेत. शेजारी आई बसली आहे, तिच्या मांडीवर तुमचा धाकटा भाऊ. बाबा दारात उभे राहून कुणाशी तरी बोलताहेत. घरात आणखी कुणीही नाही.

आणि आतल्या खोलीतून आवाज येतो…

फट्!

कपडा झटकल्याचा आवाज. घडी घालण्याआधी आई झटकते ना, अगदी तसा.

आई तर इथे आहे. मग आत कोण आहे?

उघडा डोळे. घाबरलात? शकुनही घाबरली होती.

शकुन माझी धाकटी मावसबहीण. हे तिच्या घरी घडलं, १९७४ सालच्या डिसेंबरात, कलकत्त्याला, गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. तिने मला सांगितलं तसंच मी तुम्हाला सांगते. पटलं नाही तर सोडून द्या. मला मात्र अजून सोडता आलेलं नाही.

शकुनचे बाबा, चारुदत्त पिंपळखुटे, रेल्वेत होते. नागपूरहून त्यांची बदली गार्डन रीचच्या मोठ्या ऑफिसात झाली. क्वार्टर मिळालं, पण चार भिंतींचं. आत साधं स्टूलही नव्हतं.

बदलीवाल्यांची रीत ठरलेली असते. गाव सोडताना सामान विकायचं आणि नव्या गावात कुणाचं तरी जुनं विकत घ्यायचं. ज्या खुर्चीवर बसून शकुनने बाराखडी गिरवली, ती खुर्ची आता नागपुरात दुसऱ्याच कुणाची तरी होती. तिला त्यात काही वावगं वाटत नसे. सामान म्हणजे थोडे दिवस आपलं, मग दुसऱ्याचं.

पुष्पाकाकू म्हणजे तिथल्याच एक मराठी बाई, कलकत्त्यातच जन्मलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या. नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाचा संसार आपणच लावून द्यायचा, अशी त्यांची समजूत होती. त्या पहिल्याच रविवारी दारात हजर.

"सुनीती, चल. खिदिरपूरला एक नियोगीबाबू आहेत. घर मोडून लेकीकडे चाललेत. साग आहे, साग! डोळे झाकून घे."

शकुनची आई सुनीती निघाली. बोटाला शकुन, कडेवर तीन वर्षांचा व्हायला आलेला गुरू. गल्लीच्या तोंडाशी पानवाला हसून म्हणाला, "ए खोका! ए खुकू!"

"काकू, खोका म्हणजे?" शकुनने विचारलं.

"लहान मुलगा. आणि खुकू म्हणजे लहान मुलगी. इथे नावाने कोण हाक मारतंय! सगळी पोरं खोका, नाहीतर खुकू."

नियोगीबाबूंचं घर जुनं होतं. खोल्या अर्ध्या रिकाम्या. मागच्या खिडकीतून एक तळं दिसत होतं. पाणी दिसतच नव्हतं, इतकं हिरवं शेवाळ.

पुष्पाकाकूंनी पदर खोचला.

"बाबू, पलंग बेच रहे हैं या हावड़ा का पुल? थोड़ा तो कम कीजिए!"

म्हातारे नियोगीबाबू वाद घालत नव्हते. पलंग दिला, टेबल दिलं, खुर्च्या दिल्या. मान हलवायचे आणि द्यायचे.

मग पुष्पाकाकूंना कोपऱ्यातला आलना दिसला.

शकुनने तशी वस्तू पाहिली नव्हती. दोन उभे खांब, त्यांच्यामध्ये एकाखाली एक आडव्या दांड्या. रोजच्या वापरातले कपडे त्यावर घड्या करून टाकायचे. सगळ्यात खालची दांडी गुरूच्या उंचीची होती. तिचं पॉलिश मधोमध झिजून गुळगुळीत झालं होतं, जणू कुणी वर्षानुवर्षं हात फिरवला होता.

"आलना नहीं दूँगा, मा," नियोगीबाबू म्हणाले. "वो घर का चीज़ है."

"घर ही नहीं रहा, तो घर का चीज़ कैसा?" पुष्पाकाकू बोलून गेल्या.

म्हाताऱ्याने मान खाली घातली.

एवढ्यात खेळून खेळून गुरू घामाघूम झाला होता. सुनीतीने त्याचा लाल स्वेटर काढला. तिला वाटलं, आलन्याचंही ठरलंच. रिकामी वस्तू घरात नेऊ नये, ही तिच्या आईची शिकवण. नवं भांडं आणायचं तर मूठभर तांदूळ घालून आणायचं. तिने स्वेटरची घडी केली आणि आलन्याच्या खालच्या दांडीवर ठेवली.

नियोगीबाबूंनी ते पाहिलं.

कितीतरी वेळ ते स्वेटरकडे पाहत राहिले. मग गुरूकडे.

"कितना बड़ा है?"

"अगले महीने तीन का होगा."

"ले जाइए," ते हळू आवाजात म्हणाले. "अब तो… ले ही जाइए."

आलन्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

"पाहिलंस?" वाटेत पुष्पाकाकू खुशीत होत्या. "माणसाला असं वळवावं लागतं!"

पुढे सामानाचा ठेला चालला होता. रस्ता खडबडीत, नदीवरून वारा येत होता. खुर्च्या हादरत होत्या, टेबल करकरत होतं. शकुनचं लक्ष त्या लाल स्वेटरकडे होतं. तो दांडीवर नुसता ठेवलेला होता.

तो घरापर्यंत पडला नाही. हललासुद्धा नाही.

आलना आतल्या खोलीत खिडकीशी ठेवला. दोन-चार दिवसांनी सुनीती म्हणाली, "अहो, कपड्यांच्या घड्या तुम्ही घातल्यात?"

"मी? मला रुमालाची तरी घडी येते का?"

"मग आमची शकूच शहाणी झाली म्हणायची!"

शकुन गोड हसली. शाबासकी कुणाला नको असते? तिला वाटलं, आईनेच घड्या घातल्या असतील आणि विसरली असेल.

पण त्या घड्या आईच्या नव्हत्या. आई साडीची चौकोनी घडी घाले. या घड्या अरुंद, लांबट होत्या. आणि खालच्या दांडीवर गुरूच्या कपड्यांखेरीज काहीच नव्हतं. बाबांचा सदरा, आईचा परकर, सगळं वर सरकलं होतं.

शकुनने एकदा मुद्दाम करून पाहिलं. शाळेचा स्कर्ट खालच्या दांडीवर ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली. परत आली…

स्कर्ट वरच्या दांडीवर होता. घडी घातलेला.

खोलीत कुणी नव्हतं. खिडकीचा पडदा स्तब्ध होता.

त्यानंतर गुरू तिथेच खेळू लागला. आलन्याच्या पायाशी बसायचा आणि वर पाहून हसायचा. आपण हाक मारली की वळतसुद्धा नसे.

"गुरू, कुणाशी बोलतोस?"

"ती हाक मारते."

"कोण ती?"

गुरूने बोट दाखवलं. दांड्यांच्या मधून पलीकडची भिंत दिसत होती. फक्त भिंत.

"मला खोका म्हणते," गुरू म्हणाला.

सुनीती हसली. "अगं, मासेवालीपण त्याला खोकाच म्हणते!"

पुष्पाकाकूंना सांगितलं तेव्हा त्या मात्र हसल्या नाहीत. "तिन्हीसांजेला अनोळखी हाकेला ओ द्यायची नाही हं, शकुन," एवढंच म्हणाल्या आणि विषय बदलला.

मग एक दिवस खालच्या दांडीवरून पाणी टपकू लागलं.

टप्… टप्…

गुरूचे उन्हात वाळवलेले कपडे ओलेचिंब होते. वर टांगलेले सगळे कोरडे. छतावर ओल नव्हती, खिडकी बंद होती. आणि त्या ओल्या कपड्यांना वास येत होता. साचलेल्या पाण्याचा. शेवाळाचा.

त्याच दिवशी गुरूला ताप भरला.

अंग तापलेलं, पण हातपाय बर्फासारखे. छातीत घरघर. डॉक्टर आले. त्यांनी छाती तपासली, मग रागाने सुनीतीकडे पाहिलं.

"इस बच्चे को पानी में किसने छोड़ा था?"

"पानी में? डॉक्टरसाहब, ये तो घर के बाहर भी नहीं गया…"

डॉक्टरांनी गुरूच्या कानामागून बोट फिरवलं आणि तिच्यापुढे धरलं. बोटाला एक इवलासा हिरवा तुकडा चिकटला होता. तळ्यातल्या शेवाळाचा.

औषध चालू झालं. ताप हटेना. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाबांना बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, आजची रात्र जपा. शकुनने ते दाराआडून ऐकलं.

ते शेवाळ पाहून सगळ्यांचा संशय आलन्यावर गेला होता. त्या दुपारी बाबा आणि पुष्पाकाकू तो परत करण्याचं बोलायला खिदिरपूरला गेले. नियोगीबाबूंच्या दाराला कुलूप होतं. लेकीचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. शेजारच्या बाईंनी जे सांगितलं, ते ऐकून दोघं परतले.

पुष्पाकाकूंचं तोंड कधी मिटत नसे. त्या दिवशी त्या खुर्चीत बसून राहिल्या. सुनीतीने दोनदा विचारल्यावर बोलल्या.

"म्हाताऱ्याला नातू होता. तीनचासुद्धा नव्हता. मागच्या तळ्यात गेला गं… त्याच्या आईला ते पटलंच नाही. रोज तिन्हीसांजेला त्याचे कपडे झटकायची, घड्या घालायची, खालच्या दांडीवर ठेवायची. आणि खिडकीतून तळ्याकडे बघून हाक मारायची. खोका, खोका… एका संध्याकाळी म्हणे तिला ओ आली."

"मग?"

"मग काय. गेली ती. पाण्यात."

लांब गोदीत जहाजाचा भोंगा वाजला.

"म्हातारा देत नव्हता," काकू पुटपुटल्या. "मीच मागे लागले. सुनीती, उद्याच्या उद्या विकून टाक तो."

"आणि ज्यांच्या घरी जाईल, त्यांच्या घरात पोर असलं तर?" सुनीतीने गुरूला छातीशी घट्ट धरलं होतं. "मी दांडीवर याचा स्वेटर ठेवला हो… माझ्या हातांनी ठेवला. तिला वाटलं, तिचा आला."

बाबा उठले. "विकायचा नाही. सकाळी कुऱ्हाड आणतो आणि फोडतो."

सकाळी.

पण मध्ये संध्याकाळ होती.

आता मी तुम्हाला आधी पुढचं सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. गुरू वाचला. त्याच रात्री ताप उतरला आणि सकाळी त्याने दूध मागितलं. डॉक्टरांनाही नवल वाटलं. बाबांनी आलना फोडला. बाहेरून लाकूड खडखडीत कोरडं होतं, पण प्रत्येक घावासरशी आतून पाणी निघत होतं. ते जळेना. शेवटी सगळे तुकडे गंगेत सोडले.

गुरू आज स्वतः आजोबा झाला आहे. त्याला यातलं काही आठवत नाही.

शकुनला सगळं आठवतं. ती पुढे कितीतरी गावं फिरली, कितीतरी जुनी कपाटं घेतली आणि विकली. मागच्या वर्षी मी तिच्याकडे राहायला गेले होते. तिच्या कपाटातला सगळ्यात खालचा कप्पा फार नीट लावलेला होता. लांबट, अरुंद घड्या. मी कौतुक केलं.

ती म्हणाली, "ताई, तो कप्पा मी नाही लावत."

मी हसले. ती हसली नाही.

मी त्या कपड्यांवर हात ठेवला. सगळ्यात खालचा… ओला होता.

तेव्हा तिने मला त्या संध्याकाळचं सांगितलं. आजवर आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

दिवे गेले होते. आई पुढच्या खोलीत गुरूला घेऊन बसली होती. बाबा दारात पुष्पाकाकूंना निरोप देत होते. गुरूचा श्वास अडखळत होता. एक येई… मग बराच वेळ काहीच नाही… मग दुसरा.

आणि आतून आवाज आला.

फट्!

आईने मान वर केली नाही. तिला ऐकूच आलं नव्हतं.

फट्… फट्…

गुरूने डोळे उघडले. ओठ हलले. तो ओ द्यायला निघाला होता.

शकुनने पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. मग मेणबत्ती उचलली आणि ती एकटी आत गेली.

खोलीत तळ्याचा वास भरला होता. फरशी ओली होती. खालच्या दांडीवर गुरूचा लाल स्वेटर होता, घडी घातलेला, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.

शकुनने तो ओढला.

तो येईना. पलीकडून कुणीतरी धरून ठेवला होता.

"सोड," शकुन म्हणाली. "तो माझा भाऊ आहे. तुझा नाही."

मेणबत्ती विझली.

अंधारात कुणीतरी रडू लागलं. मोठ्याने नाही. तोंडात पदर कोंबून रडतात तसं. शकुनला भीती वाटत होतीच, पण ते रडणं ऐकून तिला आणखी काहीतरी वाटलं. काय, ते तिला अजून सांगता येत नाही.

तिने वरच्या दांडीवरून चाचपून आपला फ्रॉक काढला. तो झटकला. फट्. त्याची घडी घातली, आईसारखी चौकोनी नाही, लांबट, अरुंद. आणि खालच्या दांडीवर स्वेटरशेजारी ठेवला.

रडणं थांबलं.

स्वेटर अलगद सुटून तिच्या हातात आला.

मग दांडीवरच्या फ्रॉकवरून एक हात फिरल्याचा आवाज झाला. हळूहळू, सुरकुत्या सारख्या करत. आणि कानाशी, अगदी कानाशी, थंडगार श्वास आला. कुणीतरी बिचकत, जणू विश्वास न बसून, हाक मारली.

"खुकू…?"

बाहेरच्या खोलीत गुरू मोठ्याने रडायला लागला. श्वास भरून, खणखणीत. आईचा आवाज आला, "अहो, या हो लवकर, डोळे उघडले याने!"

शकुनने गुरूचा स्वेटर पोटाशी घट्ट धरला.

आणि तिने ओ दिली.