उघडी राहिलेली पोथी

ही गोष्ट मला यशोदेनं स्वतः सांगितली, कट्टा गावी, तिच्या पडवीत बसून. त्यामुळे खरी की खोटी हे मला विचारू नका. ती मला कधी खोटं बोललेली आठवत नाही. ज्याला भीती वाटेल त्यानं खुशाल आईजवळ जाऊन बसावं, मी हसणार नाही.

२०२४ साल. डिसेंबरची अकरा तारीख, बुधवार, मार्गशीर्षातली एकादशी. यशोदा सकाळच्या एसटीनं निघाली. आचऱ्यावरून पुढं, विजयदुर्गाच्या बाजूला, खाडीकाठी एक जुनं बंदराचं गाव आहे. तिथल्या दगडी वखारीत आता चित्रांचं संग्रहालय केलंय. यशोदेच्या वडिलांची, धोंडूबाबांची, चित्रकथीची पोथी तिथं काचेत होती.

चित्रकथी तुम्ही पाहिली नसेल. एकेक चित्र उभं धरायचं, त्यावरची कथा गायची, मग पुढचं चित्र. मागं साथीदार बसतो आणि प्रत्येक ओळीला ‘होऽय’ म्हणतो. धोंडूबाबांनी चाळीस वर्षं देवळादेवळांतून रामायण सांगितलं. ते वारल्यावर मुलानं पोथी संग्रहालयाला देऊन टाकली आणि तो मुंबईला गेला. आता दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गाडी येणार होती. पोथीचं एकेक पान वेगळ्या चौकटीत बसवून दूरच्या प्रदर्शनांना पाठवायचं होतं, एक इथं, एक तिथं. त्याआधी एकदा डोळे भरून बघावी, एवढ्यासाठीच यशोदा गेली होती.

संग्रहालय सांभाळणारी संचिता चांगली मुलगी. तिनं हाताला धरून काचेजवळ नेलं. काचेत एकच चित्र होतं. लक्ष्मण शक्ती लागून पडलाय, डोळे मिटलेले. बाकीची पानं कपाटात.

यशोदा जागीच थांबली.

“ह्या असा किती दिवस आसा?”

“तीन वर्षं. आमचं सगळ्यांत सुंदर चित्र आहे, मावशी.”

“अगो बाय माझे! उघडलेली पोथी अशी मधीच सोडतत काय? लक्ष्मण पडललो तो पडललोच? उघडली काय शेवटच्या चित्रापर्यंत सांगूची लागता, मगे फडक्यात बांधूची. नायतर सांगणारो थंयच अडाकता.”

दाराशी रखवालदार शिवा उभा होता. त्याच्या हातातली किल्ल्यांची जुडी खाली पडली.

“मॅडम, मी तुमका सांगललंय,” तो म्हणाला. “रोज रात्री, सव्वादोनाक. म्हातारो गाता. लक्ष्मण पडलो म्हणता आणि थांबता. मगे... नुसतो श्वास.”

संचितानं किल्ल्या उचलून त्याच्या हातात ठेवल्या, पण त्याला खोडलं नाही. तिनंही एका रात्री काहीतरी ऐकलं असावं.

“आज रातीक मी बसतंय हंय,” यशोदा म्हणाली. “उद्या पोथी फुटतली. आज पुरी करूकच व्हयी.”

“मावशी, नियमात बसत नाही.”

“तुझो नियम तीन वर्सांचो. पोथयेचो किती वर्सांचो, तां माका म्हायत नाय आणि तुका पण नाय.”

संचितानं घड्याळाकडं पाहिलं, मग काचेकडं. शेवटी संचितानं कपाट उघडलं आणि शेवटची एकोणीस पानं काढली. त्यांच्यावर पांढरे हातमोजे ठेवले. यशोदेनं मोजे बाजूला सारले.

“बापाशीन जलमभर हात लावूक दिल्यान नाय. चेडवान, बायलमाणसान, पोथयेक शिवाचा नाय म्हणे. चुलीकडे रांधपात बसान आयकलंय सगळी. आता तू पण नको अडवू गो.”

रात्री दहाला संचितानं बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली घरी नेली. शिवा बाहेर पायरीवर बसला. आत एक समई. खिडक्यांना गज. खाडीवर चांदणं.

अकरा वाजले. बारा. यशोदेला डुलकी लागली.

जाग आली ती गारठ्यानं. समईची ज्योत सरळ होती, वारा नव्हता. पण ओल्या चामड्याचा वास येत होता, बाबांच्या वाद्याच्या कातड्याचा.

मग आवाज आला.

बारीक, खोकल्यात अडकलेला. तिनं लहानपणी रोज ऐकलेला. सीतेचं हरण. सेतू. लंकेचं युद्ध. आवाज काचेकडून येत होता. तिनं तिकडं पाहिलं नाही.

...लक्ष्मण पडला.

आणि आवाज थांबला.

श्वास. मोठा. एक... दोन...

यशोदेनं पुढचं पान उचललं. हनुमान पर्वत घेऊन येतोय.

“ठेय.”

तिचा हात तसाच राहिला.

“चेडवा... हात लावू नको.”

 मानेवर थंडी. कुणीतरी अगदी मागं येऊन उभं होतं. पळावं म्हटलं तर दाराला कुलूप.

...

मग तिला राग आला. मला सांगताना सुद्धा तिचे डोळे चमकत होते.

“लावतलंय,” ती म्हणाली. “बाबा, तुमी जावन नव वर्सां झाली. झील तुमचो पोथी देवन मोकळो झालो. त्येका एक ओळ येना नाय. माका सगळी येता. तुमी जल्माक घातलास तेवाच माका कान दिलास, ते काय फोडणी आयकाक? आता गप बसा आणि आयका!”

आणि तिनं सूर लावला.

पहिला सूर फाटला. दुसरा लागला. ती गात राहिली. ओळ संपली की थांबायची, साथीदाराच्या ‘होय’साठी जागा सोडायची, आणि रिकाम्या जागेवरून पुढं जायची. मागची थंडी हलली नाही. ती पण हलली नाही.

संजीवनी आली. लक्ष्मण उठला.

ती थांबली.

“...होऽय.”

अगदी खालच्या आवाजात. तिच्या मागून.

तिनं वळून बघितलं नाही. पुढचं पान उचललं. मग प्रत्येक ओळीला तो आवाज येत गेला. रावण पडेपर्यंत. अयोध्या येईपर्यंत. राज्याभिषेकाचं शेवटचं चित्र तिनं उभं धरलं, कपाळाला लावलं, आणि पानं फडक्यात बांधली.

मग काहीच नाही.

सहाला संचितानं कुलूप काढलं. यशोदा भिंतीला टेकून बसली होती, घसा बसलेला. तिच्या पाठीमागं, फरशीवर, एक विडा होता. हिरवंगार पान, लवंग टोचलेली, चुना अजून ओला.

“हा कुठून आला?” संचितानं विचारलं. शिवानं नुसतेच कानाला हात लावले. त्या गावात त्या वेळी पानाची टपरी उघडी नसते.

तुम्हाला सांगायचं राहिलं. कथा पुरी झाली की ऐकणाऱ्यानं सांगणाऱ्याला विडा द्यायची रीत आहे. धोंडूबाबांना शेकड्यांनी मिळाले असतील. त्यांच्या घरातल्या कुठल्या बाईला आजवर एकही मिळाला नव्हता.

“हात नका लावू, मावशी,” संचिता म्हणाली. “कसला आहे कोण जाणे.”

“माझो आसा,” यशोदा म्हणाली, आणि दोघांच्या देखत तो तोंडात घातला.