फायनलचं कार्ड

"संध्याकाळपर्यंत कार्ड मिळालं नाही, तर या मुलीला कायमचं घरी पाठवतो," व्यवस्थापक म्हणाला.

ती मुलगी, शब्दकोश कचेरीची टंकलेखिका, खिडकीपाशी उभी होती. तिची पिशवी टेबलावर उलटी केलेली: डबा, रुमाल, तुटका कंगवा. पहिलीच नोकरी, आणि चोरीचा आळ.

वहिनी खासगी तपासाची कामं करत; कार्ड शोधायला त्यांना बोलावलं होतं. त्यांचे धाकटे दीर त्यांचा चष्मा आणि छत्री सांभाळत मागे असायचे. त्यांना सगळेच भाऊजी म्हणत. भिंतभर कार्डांचे कप्पे पाहून भाऊजींना घामच फुटला.

इंग्रजी शब्दांचा मोठा कोश पुरा होत आला होता. शब्दागणिक एक कार्ड. बाकी सगळ्यांचा मजकूर टाइप होऊन छापखान्यात गेला होता. 'फायनल' हा शब्द तेवढा मुख्य संपादकांनी हौसेने अखेरीला ठेवला होता. सकाळी पाहतात तो कार्ड गायब. छापखान्याचा माणूस बाहेर बाकावर ताटकळला होता. आज मजकूर मिळाला नाही, तर छपाई पुढच्या वर्षावर जाणार होती.

वहिनींनी कप्पा ओढला. कार्डाच्या जागी लाल पुठ्ठ्याची पट्टी उभी होती.

"ही काय?"

"आमची पद्धत," व्यवस्थापक म्हणाला. " कार्ड काढलं की तिथे पट्टी ठेवायची, म्हणजे परत लावताना जागा सापडते. हिला हजारदा सांगितलं. एकदा ठेवेल तर शपथ."

"हातात गठ्ठा असतो," मुलगी पुटपुटली. "राहूनच जातं."

"कार्ड तू घेतलंस?" वहिनींनी सरळच विचारलं.

"घेऊन करू काय? त्यावरचं अर्धं लॅटिन. मी नुसती अक्षरं बघून टाइप करते."

मग मुद्रितशोधक आले. मान उंच, आवाज त्याहून उंच.

"संपादकांशी भांडण झालं तुमचं?"

"रोजच होतं. या शब्दाचं मूळ 'ठोकून पक्कं करणं' या अर्थाच्या शब्दापर्यंत न्यावं, असं मी म्हणतो. ते म्हणतात, पुरावा कच्चा आहे. म्हणून काय कार्ड पळवीन? उलट सकाळीच त्यांना म्हटलं, कोरं कार्ड द्या, तुमच्या मताप्रमाणे लिहून देतो. तर नको म्हणाले."

ते जाताच भाऊजी कुजबुजले, "वहिनी, हाच. रोज भांडतो म्हणजे बघा."

"तुम्हीही माझ्याशी रोज भांडता. चष्मा द्या."

मुख्य संपादक आपल्या खोलीत खुर्चीत मिटून बसले होते. थकलेले, पांढरेफटक. व्यवस्थापक त्यांचा पुतण्या.

"काय होतं हो त्या कार्डावर?" भाऊजींनी भाबडेपणाने विचारलं.

म्हातारा ताठ झाला. "शेताला शीव असते ना? लॅटिनमध्ये 'फिनिस' म्हणजे तशी हद्द. हद्द म्हणजे जिथे आपलं संपतं, म्हणून शेवट. त्यावरून 'फायनल'. अखेरचा. ज्यात आता बदल नाही असा निकाल, तोही फायनल. 'डिफाइन' म्हणजे अर्थाला हद्द आखणं. 'कन्फाइन' म्हणजे हद्दीत कोंडणं. 'फायनान्स'सुद्धा यांच्यातलंच, मुळात देणं मिटवून टाकणं. सगळी एका घरची भावंडं."

भाऊजींना आयुष्यात पहिल्यांदा लॅटिन कळलं.

"मग लिहून टाका की पुन्हा," वहिनी म्हणाल्या.

संपादकांचा चेहरा उतरला. "तसं पुन्हा जमायचं नाही."

उन्हं कलली. छापखान्याचा माणूस उठून दारात आला. वहिनींनी सगळ्यांना कप्प्यांपाशी बोलावलं.

"कार्ड पळवायचं होतं, तरी चोराने पट्टी ठेवली. मुद्दाम कशाला ठेवेल? हाताला वळण लागलंय, हात आपोआप गेला. या मुलीला ते वळण नाही, म्हणून तर रोज बोलणी खाते."

"म्हणजे मुद्रितशोधक," भाऊजी म्हणाले.

"त्यांना वळण आहे. पण कोश अडावा असं वाटणारा माणूस कार्ड लिहून द्यायला कशाला निघेल? कार्ड तोंडपाठ असून लिहायला नको म्हणणारा इथे एकच आहे."

पुतण्याच्या तोंडून "काका?" एवढंच निघालं.

"आणि जन्मभर कार्डं जपलेला माणूस कार्ड फाडणार नाही. जागेवर ठेवता येत नाही, तर निदान भावंडांत ठेवेल." वहिनींनी दुसरा कप्पा उघडला. 'डिफाइन'चं कार्ड पुढे सारलं. मागे 'फायनल' होतं.

म्हातारे संपादक स्टुलावर बसले.

"हे गेलं की उद्या सकाळी उठून मी यायचं कुठे?" ते म्हणाले. "वाटलं, एक वर्ष आणखी मिळेल."

"ते वर्ष हिच्या नोकरीतून कापून घेत होतात," वहिनी हळूच म्हणाल्या.

संपादकांनी मुलीकडे पाहिलं. नजर टिकली नाही. "पोरी, चुकलो. तुझी पिशवी उलटी केली, तेव्हाच बोलायला हवं होतं."

मुलीने डबा पिशवीत भरला, मग हात पुढे केला. "द्या. बाहेर माणूस थांबलाय."

संपादकांनी कार्ड काढून तिच्या हातात दिलं. ती भराभर दारापर्यंत गेली, थबकली, परत आली. टेबलावरची एक लाल पट्टी उचलून तिने 'डिफाइन'च्या मागे उभी केली.

"तिथे नाही, बाई," संपादक म्हणाले. "'फायनल'ची जागा खालच्या कप्प्यात."

"मग उद्या या आणि दाखवा," ती म्हणाली, आणि टाइप करायला गेली.