शेपटी लाइनचा दांडा

मोजणी कार्यालयातून जुना नकाशा घरी न्यायचा म्हणजे सोपं काम नव्हे. वहीत सही करा, साहेबांच्या मागे मागे फिरा, आणि वर शिपायाचं ऐकून घ्या.

"ताई, त्या लाइनीचे रूळ कधीच भंगारात गेले. आता नकाशा काय चाटायचाय?"

"चाटीन नाहीतर उशाला घेईन, तुम्ही कपाट उघडा," ठकू म्हणाली.

कार्यालयात तिच्या हाताखाली चार आरेखक होते, पण घरात ती अजून ठकूच होती. तिला हवा होता खाणीपासून जंक्शनपर्यंतच्या चौदा किलोमीटर लाइनीचा नकाशा. एकच इंजिन, मालाच्या अकरा वाघिणी, दिवसाला दोन फेऱ्या. मोठ्या लाइनीला चिकटलेलं एवढंसं शेपूट, म्हणून लोक तिला शेपटीच म्हणत. ठकूच्या बाबांनी त्या शेपटीवर सव्वीस वर्षं इंजिन चालवलं होतं.

आता बाबांचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेले होते. डोळ्यांपाठोपाठ बोलणंही गेल्यातच जमा होतं. जेवायला या म्हटलं की यायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. माणूस घरात आहे की नाही तेच कळेना. मग ठकूला कॉम्प्युटरवरचा आगगाडीचा खेळ सापडला. त्यात नुसती गाडी चालवायची नसते, हवी ती लाइन स्वतः बांधताही येते. जमिनीचा चढउतार घालायचा, रूळ टाकायचे, पूल, सिग्नल, झाडं, सगळं हातानं मांडायचं. मांडलं नाही ते दिसत नाही.

"बाबा, शेपटी बांधूया का?" तिनं सहज विचारलं, आणि काय सांगावं, म्हातारा खुर्चीत ताठ बसला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी बाबा बोलायचे आणि ठकू रूळ टाकायची. "आता डावीकडे वळण घे. जास्त नको, जरासंच. इथं चढ लागतो, इंजिन कण्हायला लागेल. अगं, पुलाच्या आधी बाभळी राहिल्या!" आई दारातून ऐकायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. तिचा नवरा तिला परत मिळाला होता. ठकूला बाप परत मिळाला होता, आणि तो पुन्हा हातचा जाऊ नये म्हणून ती जिवाचं रान करत होती.

फक्त नवव्या किलोमीटरला गाडी अडायची. तिथं डोंगर फोडून केलेलं कटिंग होतं. त्याबद्दल विचारलं की बाबा म्हणायचे, "पुढचं घे." दुसऱ्यांदा विचारलं तर उठून जायचे.

का, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठकू सहा वर्षांची असताना त्याच कटिंगमध्ये तिचा मामा गेला. आईचा पाठचा भाऊ, लाइनीवरच्या गँगचा मुकादम. रूळ तपासून ढकलट्रॉलीवरून परतत होता, समोरून बाबांची गाडी आली. चौकशी झाली, आणि दोष मामाच्या माथी बसला. कारण मामाकडे दांडा नव्हता.

हा दांडा म्हणजे हातभर लांबीची लोखंडी कांब. एकेरी लाइनीसाठी एकच दांडा. ज्याच्या हातात दांडा, त्याची लाइन. बाकी कुणी, मग तो साहेब असला तरी, रुळावर चाक ठेवायचं नाही. त्या दिवशी दांडा बाबांच्या इंजिनात सापडला. सगळा मामला तिथंच मिटला. आईनं भावाचा फोटो भिंतीवरून काढला. "बेशिस्तीनं मेला," एवढंच म्हणायची, आणि दोन दोन दिवस कुणाशी धड बोलायची नाही.

म्हणून ठकूनं कटिंगचं मोजमाप नकाशावरून घेतलं आणि बाबांना न विचारता ते बांधून टाकलं. रविवारी दुपारी चार वाजता पहिली पूर्ण फेरी ठरली. उन्हं खिडकीतून टेबलावर आली होती. आई मागं पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबांनी चक्क इस्त्रीचा सदरा मागून घेतला होता.

"दांडा घेतलास?" त्यांनी विचारलं.

"या खेळात दांड्याची सोय नाही, बाबा. हिरवा दिवा लागला की निघायचं."

"मग निघू नकोस."

"अहो, लाइनीवर दुसरं काहीच नाहीये! मीच बांधलीये ना? एक इंजिन, अकरा वाघिणी. माशीसुद्धा नाही."

"मीही असंच म्हटलं होतं," बाबा हळूच म्हणाले. ठकूला वाटलं, म्हातारपणचं बोलणं. तिनं गाडी सोडली.

पहिले आठ किलोमीटर झकास गेले. बाबा कान देऊन ऐकत होते. वळण यायच्या आधी त्यांचं अंग त्या बाजूला झुकायचं. पूल आला तसे ते हसले. मग इंजिनाचा आवाज दोन्ही बाजूंच्या खडकांवर आपटून घुमायला लागला, आणि ते हसू तिथंच विझलं.

"ठकू... हे कटिंग आहे."

"दोन मिनिटं, बाबा. लगेच संपेल."

तेवढ्यात इंजिनाच्या घरघरीखालून दुसराच आवाज आला. बारीक, हलका. खट्खट्... खट्खट्... चार लहान चाकं रुळांच्या सांध्यांवरून येत होती. असला आवाज तिनं कुठंच घातला नव्हता. खोलीत ओल्या दगडाचा आणि वंगणाचा वास भरला.

वळणापलीकडून ट्रॉली आली. लाकडी फळ्या, काठीला लाल झेंडी, आणि वर उभा एक माणूस. ठकूनं ब्रेकचं बटण दाबलं. दाबूनच धरलं. गाडी कुरकुरत, घसटत त्या माणसापासून हातभर अंतरावर थांबली. तो ट्रॉलीवरून उतरला, चालत इंजिनाच्या खिडकीखाली आला. त्यानं वर पाहिलं आणि उजवा हात पुढे केला.

"दाजी," स्पीकरमधून आवाज आला. "दांडा..."

पलंगावरची आई उभी राहिली. हातातली चादर खाली पडली. तीस वर्षांनी ऐकला तरी पाठच्या भावाचा आवाज तो, बहीण कसा विसरेल?

ठकूनं कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली. पडदा काळा झाला. आवाज बंद झाला नाही.

"दाजी, माझा दांडा द्या..."

"देतो रे," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "देतो. स्टेशनातल्या खुंटीवर दांडा नव्हता. मला कळायला हवं होतं की तू घेऊन गेलायस. मला घाई होती. म्हटलं, स्टेशनमास्तर कुठंतरी ठेवून विसरला असेल, लाइन मोकळीच आहे... तसाच निघालो."

"अहो, काय बोलताय हे?" आई ओरडली.

"त्याच्याच हातात होता गं दांडा! मेला तरी मूठ सुटत नव्हती. मी एकेक बोट उघडलं... एकेक... आणि दांडा इंजिनात नेऊन ठेवला. तुझा भाऊ निर्दोष होता."

आईला हुंदका फुटला नाही, शिवी सुटली नाही. ती नुसती बघत राहिली, आणि ते बघणं ठकूला त्या आवाजापेक्षा भयंकर वाटलं. तीस वर्षं तिनं सख्ख्या भावाला मनातून हाकललं होतं, आणि रोज ताट वाढलं होतं ते कुणाला?

बाबांनी उजवा हात हवेत पुढे केला, ड्रायव्हर खिडकीतून दांडा देतो तसा. क्षणभर तो तसाच राहिला. मग कसलातरी हिसका बसल्यागत त्यांचं सगळं अंग खुर्चीतून पुढे ओढलं गेलं. बोटं मिटली. ते कोसळले.

पक्षाघाताचा झटका होता, डॉक्टर म्हणाले. जीव वाचला, पण शुद्ध आली नाही. उजवी मूठ मात्र कुणालाच उघडता येईना. दोन नर्सनी मिळून जोर लावला, गरम पाण्याची पिशवी ठेवून पाहिली, काही उपयोग नाही. पडताना हातात काही धरलं असेल, हाड मोडलं असेल, म्हणून सकाळी हाताचा एक्सरे काढायला नेलं. आई आणि ठकू बाहेर बाकावर बसल्या. आई कालपासून एक अक्षर बोलली नव्हती, पण आली होती.

दहा मिनिटांनी एक्सरेवाल्या बाई तणतणत बाहेर आल्या.

"फोटो काढताना आत थांबायचं नाही, एवढं साधं कळत नाही का तुम्हाला? त्यांचा हात कुणी धरून ठेवला होता?"

"कुणीच नाही," ठकू म्हणाली. "आम्ही दोघी इथंच बसलोय."

"मग हे काय आहे?"

त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. बाबांची पाच बोटं घट्ट मिटलेली दिसत होती. त्यांच्या फटींतून, समोरच्या बाजूनं येऊन अडकलेली, आणखी पाच बोटांची हाडं होती. आईनं फिल्मवर बोट ठेवून ती मोजली. दोनदा मोजली. मग डोळे मिटून घेतले.

"फिल्मच खराब असेल. पुन्हा काढते," बाई पुटपुटल्या. "तुम्ही हलू नका इथून."

त्या आत गेल्या. दार लागलं. आणि लगेच आतून त्यांचा चढलेला आवाज आला,

"अहो, तुम्हाला कुणी सोडलं आत? सोडा... हात सोडा आधी त्यांचा!"