काळीज दुखतंय

दार लोटून घ्या रे, गारठा येतोय. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसा. ही गोष्ट माझ्या चुलतबहिणीच्या लेकीची, नेलिदाची. वर पुकाकासाच्या दवाखान्यात नर्स आहे ती.

मृतांच्या सणाची रात्र, एक नोव्हेंबर. नेलिदा दवाखान्यात आली होती फक्त टॅब चार्जिंगला लावायला. शहरातून दिलेला टॅब, लक्षणं टाकली की रोग सांगणारा. पण गावातली वीज गेलेली. तेवढ्यात सातुर्निनाला नवऱ्यानं धरून आणलं. आठवा महिना.

"काळीज दुखतंय गं, ताई."

आता आपल्या केचुआ बोलीत पोट दुखलं तरी काळीजच म्हणतात. म्हणून नेलिदानं 'पोट' टाकलं. टॅब म्हणाला, आम्लपित्त. गोळी द्या, घरी पाठवा. एवढं बोलून त्याची बॅटरी संपली. त्यानं रक्तदाब विचारला नाही, म्हणून हिनंही मोजला नाही. सणाची घाई, दुसरं काय.

सातुर्निना दारापर्यंत गेली... आणि टॅब उजळला.

'डोकं दुखतं का?'

केचुआत. त्या यंत्राला स्पॅनिशशिवाय काही येत नाही.

'डोळ्यांपुढे काजवे?'

नेलिदानं मोठ्यानं वाचलं. दारातून सातुर्निना म्हणाली, "हो... तुला कसं कळलं?"

असं विचारणारी गावात एकच होती. सुईण प्रिमितिवा. तिला पुरून वर्ष झालं होतं. त्याच संध्याकाळी नेलिदानं तिच्या नावाची पावाची बाहुली मांडली होती, सणाला मेलेल्यांसाठी मांडतात ती, वर पीठ भुरभुरलेली.

पोर खमकी. टॅबला म्हणाली, "आजी, मेलीस तर मेलीस. आता अर्ध्यावर सोडू नकोस. पुढचं विचार."

आणि सातुर्निनाला दारातून आणून खाटेवर बसवलं.

'दाब बघ.'

बघितला. भयंकर चढलेला. बाई आणि बाळ, दोघंही जायच्या बेतात. नेलिदानं इंजेक्शन दिलं, गाडी काढायला लावली. टॅबचा निकाल शहरातल्या साहेबालाही दिसतो; त्याचा फोन आला, "यंत्र म्हणतंय, घरी पाठव. गाडी कशाला?"

"मग यंत्रालाच सांगा, हिला घरी सोडून ये म्हणून. मी निघाले."

दोघंही वाचली. साहेबानं टॅब परत मागितला. नेलिदा म्हणाली, देत नाही, करायची तर बदली करा.

अजून तिच्याकडेच आहे. काचेवर अंगठ्याचा ठसा आहे, पिठाचा. मीही पुसून पाहिला. निघत नाही...

पीठ काचेच्या आतल्या बाजूला आहे.